रविवारची बॅच

आमच्या थोरल्या जाऊबाई सरकारी रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर आहेत. त्यांचा आवाज असा, की वॉर्डच्या या टोकाला त्या बोलल्या की त्या टोकाचा पेशंट निमूट गोळी गिळतो. घरातही आम्ही सगळे त्यांना जरा वचकूनच असतो. मी धाकटी. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं शिलाई मशीन आहे. लोकांचे घट्ट झालेले कपडे सैल करणं आणि सैल झालेले आत घेणं हा माझा धंदा. घर एक, स्वयंपाकघर एक, त्यामुळे एकीची गोष्ट दुसरीपासून फार दिवस लपत नाही.

त्यांना पुढे शिकायचंय, हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकत होते. नर्सिंगची पदवी होती, त्यापुढे सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायची होती. विद्यापीठ सरकारी, गावातच, बसने जाण्याजोगं. पण वर्ग सोमवार ते शुक्रवार, भर दिवसा. एकदा धीर करून त्यांनी विचारून पाहिलं होतं. मेट्रन म्हणाल्या, "शिका की, कोण नाही म्हणतंय? फक्त ड्युटी चुकवू नका." विद्यापीठात गेल्या तर तिथला कारकून म्हणाला, "नोकरी करा की, कोण नाही म्हणतंय? फक्त हजेरी चुकवू नका." घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "बघ, नाही कुणीच म्हणत नाही. तरी दार बंदच."

वर्षं गेली. त्यांचा मुलगा शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागला. केसांत पांढरं आलं, चष्मा आला. आणि मग एक दिवस त्या ड्युटीवरून आल्या त्या थेट माझ्या मशीनपाशी. चपलाही काढल्या नव्हत्या.

"विद्यापीठाने रविवारची बॅच काढलीय," त्या म्हणाल्या. "नोकरी करणाऱ्यांसाठी. दोन वर्षं, फक्त रविवारी."

"मग घ्या की नाव घालून."

"या वयात?"

"वय तर नाव नाही घातलं तरी वाढणारच आहे, ताई."

त्या हसल्या नाहीत, पण त्याच आठवड्यात नाव घालून आल्या. रात्री जेवताना त्यांनी ते भाऊजींना सांगितलं. माझे थोरले दीर बस डेपोत मेकॅनिक. बोलायच्या आधी घास पूर्ण चावून गिळणारा माणूस. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "आणि रविवारी माझं काय?"

"तुमचं रविवारी काय असतं? झोप. ती मी नसतानाही लागेल."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. भाऊजी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवत म्हणाले, "नाही, तसं माझं काही म्हणणं नाही." आमच्या घरात एवढं म्हणजे परवानगीच.

पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. निमित्त अस्तराचं कापड आणायचं होतं. खरं कारण म्हणजे त्या स्वतःहून "चल ना" म्हणाल्या होत्या. जाऊबाईंच्या तोंडून "चल ना" मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

विद्यापीठाचं मोठं फाटक बंद होतं. बाजूच्या छोट्या दारातून पहारेकऱ्याने आम्हाला वाकायला लावून आत घेतलं आणि "आज सुट्टी आहे" असं बजावलं. इमारतीत शुकशुकाट. जिन्यावर कालचा केर तसाच. पिण्याच्या पाण्याचं मशीन बंद, स्वच्छतागृहाला कुलूप, उपाहारगृहाच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या. ग्रंथालयाच्या काचेच्या दारातून पुस्तकांच्या रांगा दिसत होत्या आणि दाराच्या कड्यात कुलूप लटकत होतं. त्या काचेला नाक लावून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. औषधांचं दुकान चालवणारे. पुढे सगळी बॅच त्यांना काका म्हणू लागली.

"आपल्याला शिकायला बोलावलंय की वस्तुसंग्रहालय दाखवायला?" ते म्हणाले.

वर्गात मात्र माणसं होती. पाणीपुरवठ्यातली एक बाई, अग्निशमन दलातला एक जण, प्रयोगशाळेतले दोघे-तिघे, तान्ही मुलगी मांडीवर घेतलेली एक नर्स. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आठवड्याचा शीण आणि अंगावर ठेवणीतले कपडे. मी दारातूनच परतले. वळून पाहिलं तर जाऊबाई पहिल्या बाकावर बसायला गेल्या होत्या आणि मग काय वाटलं कोण जाणे, उठून मागे गेल्या.

ही बॅच विद्यापीठात सगळ्यांना हवी होती असं नाही. विभागप्रमुख बाईंनी हट्टाने ती सुरू करून घेतली होती. बाकीचे प्राध्यापक म्हणायचे, रविवारी येऊन कुठे शिक्षण होतं का. दर्जा घसरेल, नाव आपलं जाईल. पहिल्या वर्षाला पुरेसे लोक टिकले नाहीत तर गाशा गुंडाळायचा, असं ठरलेलं होतं. हे सगळं जाऊबाईंना काकांकडून कळायचं आणि मला जाऊबाईंकडून.

ग्रंथालयाची तक्रार त्यांनी मिळून विभागप्रमुख बाईंकडे नेली. बाईंनी पत्रं लिहिली. उत्तर आलं की रविवारी कर्मचारी नाहीत. पुढच्या रविवारी पाहतात तर ग्रंथालय उघडं, आणि पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलामागे विभागप्रमुख बाई स्वतः बसलेल्या. किल्ली त्यांनी कुणाकडून आणि कशी मिळवली, ते कुणी विचारलं नाही. कित्येक रविवार त्या तिथे बसल्या. नंतर कुणाला तरी लाज वाटली असावी, कारण एक कर्मचारी नेमला गेला. त्याच्या पाठोपाठ पाण्याचं मशीन सुरू झालं. स्वच्छतागृहाचं कुलूप सगळ्यात शेवटी निघालं.

पण खरी अडचण कुलपांची नव्हतीच. ती निघाली संख्याशास्त्राची.

तो विषय शिकवायला एक तरुण सर होते. हुशार, पण त्यांना रविवारी नेमलं होतं ते नवखे म्हणून. ज्येष्ठांनी नाक मुरडलं की काम धाकट्याच्या गळ्यात पडतं, हे सगळीकडे सारखंच. ते भराभर फळा भरायचे, मागे वळून विचारायचे, "समजलं?" सगळा वर्ग म्हणायचा, "हो." मग ते फळा पुसायचे.

पहिल्या चाचणीचा निकाल लागला त्या संध्याकाळी जाऊबाई माझ्या खोलीत येऊन बसल्या. मी एका कोटाची बाही उसवत होते. त्या बराच वेळ दोऱ्याच्या रिळांकडे पाहत राहिल्या.

"नापास झाले," त्या म्हणाल्या.

मी कात्री खाली ठेवली. आमच्या घरात नापास व्हायचं काम नेहमी माझ्या नवऱ्याने केलेलं.

"अवघड होता पेपर?"

"पेपरचं सोड. मला पहिल्या दिवसापासून काहीच कळलेलं नाही."

"मग विचारायचं ना."

"कुणाला विचारू? सगळे माना डोलावत असतात. मध्येच हात वर करून मी म्हणू, मला कळलं नाही? पोराच्या वयाचा आहे तो. आणि तो किती मन लावून सांगतो ते तू पाहिलेलं नाहीस. त्याला वाईट वाटेल."

"मग आता?"

"बघू. सगळ्यांनाच सगळं जमत नाही." असं म्हणून त्या उठल्या. त्या आठवड्यात त्यांनी पुस्तकांना हात लावला नाही. रविवारी गेल्या, पण तोंडावर पाणी मारून ड्युटीवर जावं तशा.

त्यांना टिकवून धरलं ते लघुप्रबंधाने. प्रत्येकाने आपल्या कामातला एखादा प्रश्न घेऊन त्यावर स्वतः शोध करायचा, असा नियम होता. जाऊबाईंचा प्रश्न ठरलेला होता. त्यांच्या वॉर्डात असे पेशंट होते की बरे होऊन घरी जायचे आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खाटेवर. हृदय थकलेले, अंगात पाणी साठणारे. घरी जाताना जाऊबाई स्वतः एकेकाला सगळं समजावून सांगायच्या: पाणी किती प्यायचं, मीठ कसं कमी करायचं, गोळ्या कधी घ्यायच्या, रोज वजन का करायचं. तरीही ते सुजलेले पाय घेऊन परत यायचे. जाऊबाईंचं मत पक्कं होतं. घरचे लोक निष्काळजी असतात, सांगितलेलं एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडतात. तेच त्यांना शोध करून दाखवायचं होतं.

विभागप्रमुख बाईंनी विषय ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "उत्तर तुम्हाला माहीतच आहे, तर मग शोधायचं काय?"

जाऊबाईंना हे झोंबलं. घरी येऊन त्यांनी पातेली जरा जास्तच आपटली. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "पेशंटच्या घरी जाऊन बघायचं म्हणते. येशील? एकटीने गेलं की लोकांना वाटतं तपासणीच आली."

अशी मी त्यांच्या शोधाची मदतनीस झाले. पगार नाही, पण चहा सगळीकडे.

आम्ही बऱ्याच घरांत गेलो. सगळीकडे एकच प्रकार. जाऊबाई साध्या कपड्यांत असल्या तरी लोक त्यांना पाहून उभे राहायचे, गोळ्यांचा डबा पुढे आणून ठेवायचे आणि विचारलं त्याचं उत्तर द्यायचे: सगळं वेळेवर, सगळं तुम्ही सांगितलं तसं. जाऊबाई लिहून घ्यायच्या. रस्त्यात म्हणायच्या, "खोटं बोलतात. बघितलंस ना?"

त्यानंतर आम्ही सुताराकडे गेलो. हा सुतार वॉर्डात इतक्यांदा येऊन गेला होता की त्याची खाट कुठली हे शिपायालाही पाठ होतं. मागच्या वेळी जाऊबाईंनी त्याच्या बायकोला सगळ्या वॉर्डसमोर झापलं होतं. घर म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला त्याची पटाशी, रंधा, करवती भिंतीवर ओळीने टांगलेल्या, दुसऱ्या बाजूला चूल आणि खाट. सुतार कामावर गेला होता. बायको घरात होती. जाऊबाईंना पाहिल्यावर तिने ओले हात दोनदा पुसले.

प्रश्न झाले, उत्तरं झाली. सगळं वेळेवर, सगळं तुम्ही सांगितलं तसं. मग जाऊबाई गोळ्यांची पाकिटं उजेडात नेऊन पाहू लागल्या, तेव्हा ती माझ्याकडे सरकली. माझ्या ब्लाउजची शिवण तिला आवडली होती. कुठे शिवला, तिने विचारलं. मी म्हटलं, स्वतःच. गळा कसा बेततात यावर आमच्या दोन गोष्टी झाल्या. आणि मग तिने आवाज खाली आणून मला विचारलं, "बाई, दीड लिटर म्हणजे नेमकं किती हो?"

जाऊबाईंची पाठ आमच्याकडे होती. ती पाठ ताठ झाली, हे मला दिसलं.

"तुमच्याकडे माप नाही?" मी विचारलं.

"तांब्या आहे, पेला आहे. पण त्यांच्यावर लिहिलेलं थोडंच असतं? मी अंदाजाने देते. कधी वाटतं जास्त झालं, मग संध्याकाळी पाणीच देत नाही. चिडतात माझ्यावर."

जाऊबाई वळल्या. खोलीत एकच स्टूल होतं, ते त्यांनी ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मीठ?"

ती म्हणाली, "तुम्ही वरून मीठ घेऊ नका म्हणालात. घेत नाहीत. शिजवताना घालते तेवढंच, नेहमीसारखं."

"वजन?"

"ते रोज करतात. कोपऱ्यावर भंगारवाला आहे ना, त्याच्या काट्यावर. पण काट्यावर आधीच काही ठेवलेलं असलं तर तो म्हणतो, उद्या या."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. जाऊबाई हसल्या नाहीत. "आणि ही सकाळची गोळी? पाकीट जवळजवळ भरलेलंच आहे."

"ती घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. हे ज्या इमारतीवर काम करतात तिथे सोय नाही. सुट्टीच्या दिवशी घेतात."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. जाऊबाईंनी ते पाकीट परत डब्यात ठेवलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "समजलं का, असं विचारलं होतं. तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

सुताराच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही किती घाईत होता. मागे अजून चार माणसं उभी होती. आणि एवढं मन लावून कुणी सांगितल्यावर, नाही समजलं, असं कसं म्हणायचं? बरं नाही दिसत ते."

परतीची बस मिळाली. आमचा थांबा आला, उतरलो, आणि गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"रविवारी मी वर्गात अशीच बसलेली असते गं," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच."

त्या रविवारी वर्गात काय घडलं ते मला पुढे काकांनी सांगितलं. जाऊबाईंनी सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपवलं असतं. सरांनी फळा भरला, मागे वळले, "समजलं?" म्हणाले. हो म्हणायला वर्गाने तोंड उघडलं, आणि जाऊबाईंनी हात वर केला.

"सर, मला नाही समजलं."

सर म्हणाले, "कुठपासून?"

"सुरुवातीपासून."

"म्हणजे आजच्या सुरुवातीपासून?"

"नाही. पहिल्या रविवारपासून."

मग काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझंही तसंच आहे." पाणीपुरवठ्याच्या बाई म्हणाल्या, "माझंही." तान्ह्या मुलीच्या आईने नुसतंच बोट वर केलं, कारण दुसऱ्या हातात मुलगी झोपलेली होती.

सर काही देवमाणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला. "मग इतके दिवस तुम्ही सगळे हो का म्हणत होता?" त्यांनी जरा चिडूनच विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "सर, या प्रश्नाचं उत्तर मीच सध्या शोधतेय. माझा लघुप्रबंधाचा विषयच तो होऊन बसलाय." आणि त्यांनी सुताराच्या घरची हकिकत वर्गाला सांगितली.

सर खुर्चीवर बसले. काका म्हणतात, वर्गात त्यांना बसलेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मग ते म्हणाले, "मला अभ्यासक्रम वेळेत संपवायला सांगितलंय. परत पहिल्यापासून घेतलं तर संपणार नाही."

"संपवून तरी काय उपयोग?" काका म्हणाले. "तुमचा संपेल, आमचा सुरूच झालेला नाही."

सरांनी पहिल्यापासून घेतलं. त्यासाठी वर्ग दुपारनंतर आणखी चालू ठेवावा लागला, त्यावरून पहारेकऱ्याशी वाद झाला, दोघा-तिघांनी कंटाळून येणं सोडलं. सरही एखाद्या दिवशी वैतागायचे. पण आता ते "समजलं?" असं विचारायचे नाहीत. खडू पुढे करायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा." पहिल्यांदा जाऊबाई फळ्यापाशी गेल्या तेव्हा त्यांचा तो वॉर्डभर पोचणारा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही गेला नाही म्हणे.

हाच खडू त्यांनी वॉर्डात नेला, म्हणजे तसंच म्हणायचं. पेशंट घरी निघाला की सगळं सांगून झाल्यावर त्या विचारायच्या, "आता घरी जाऊन तुमच्या सुनेला काय सांगाल? मला सांगा बरं." लोक गडबडायचे, चुकायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. प्यायच्या पाण्यासाठी घरातलाच पेला मागवून त्यावर खूण करून द्यायच्या. सुताराची गोळी त्यांनी डॉक्टरांना विचारून संध्याकाळी, तो कामावरून परतल्या परतल्या घ्यायला लावली. एवढी साधी गोष्ट, पण ती सुचायला त्याचं घर बघावं लागलं.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. हाताखालच्या सिस्टर म्हणू लागल्या की एकेका माणसामागे इतका वेळ घालवला तर बाकीची कामं कोण करणार. आणि त्यांचं चूक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, खाटा अडून राहतात." जाऊबाई म्हणाल्या, "परत आले की पुन्हा अडतातच की." यावर डॉक्टर गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे, राउंडला उशीर होत होता म्हणून.

लघुप्रबंध लिहून झाला तेव्हा खरी पंचाईत झाली. त्यात निघालं होतं असं, की ज्यांनी "समजलं" म्हटलं होतं त्यांतल्या बहुतेकांना समजलेलं नव्हतं. रुग्णालयाच्या अधीक्षकांची सही लागणार होती. त्यांनी वाचलं आणि जाऊबाईंना बोलावून घेतलं.

"हे आपल्याच वॉर्डाबद्दल आहे," ते म्हणाले. "आपणच आपली अब्रू चव्हाट्यावर मांडायची? घरचे लोक अडाणी असतात, लक्ष देत नाहीत, असं लिहा. सगळ्यांना पटेल."

जाऊबाई घरी आल्या त्या हो म्हणूनच. त्यांची नोकरी त्या माणसाच्या हाताखाली होती. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते अंगणात स्कूटर खोलून बसले होते. हात काळे, आजूबाजूला सगळे भाग मांडलेले.

"बदलणार का मग?" त्यांनी विचारलं.

"दोन परिच्छेद तर आहेत."

भाऊजींनी एक नट पुसला, उजेडात धरला. "डेपोत बस परत आली की आम्ही बघतो, बिघाड कुठे आहे. ड्रायव्हर वाईट होता असं लिहून टाकलं तर बस त्याच बिघाडासकट पुन्हा रस्त्यावर जाते. बाकी तुझं तू बघ, मला त्यातलं कळत नाही."

आणखी दोन दिवस त्या घुम्यासारख्या वागल्या. मग अधीक्षकांकडे जाऊन म्हणाल्या, "साहेब, वॉर्डाचं नाव गाळते, रुग्णालयाचं नाव गाळते. निघालं आहे ते मात्र तसंच ठेवते." अधीक्षकांनी कागद बरेच दिवस टेबलावर ठेवला आणि शेवटी सही केली. त्यानंतर ते जाऊबाईंशी कामापुरतंच बोलू लागले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला सुतार गेला. दवाखान्यात नाही, घरीच, झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदयच तसं झालं होतं, कुणी काही करू शकलं नसतं. जाऊबाईंनी ते ऐकून घेतलं, पण त्यांच्या मनातून ते जाईना. वही मिटून बसायच्या. "आधी कळलं असतं तर," एवढं म्हणायच्या आणि वाक्य सोडून द्यायच्या. तोंडी परीक्षा तोंडावर आली होती.

आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. भिंतीवरची हत्यारं काढून पेटीत ठेवली होती. भिंतीवर त्यांचे आकार उमटले होते. त्याची बायको बोलायला लागली आणि थांबली नाही. तो कसा तिच्याशी पाण्यावरून भांडायचा, खुणेच्या वर चोरून एक घोट कसा प्यायचा, आणि तिने पकडलं की कसा लहान पोरासारखा हसायचा. शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, आधी वर्षातला निम्मा काळ आम्ही तुमच्या वॉर्डातच असायचो. हे शेवटचं वर्ष ते घरी होते. रोज संध्याकाळी घरी आले."

जाऊबाईंनी तिचा हात हातात घेतला. एरवी त्या हात धरतात तो नाडी बघायला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, रविवारच्या बॅचबद्दल आधीच कपाळाला आठ्या घालून आलेले. त्यांनी संख्याशास्त्रावर खोदून विचारलं. जाऊबाई दोन ठिकाणी अडखळल्या, एका ठिकाणी "मला माहीत नाही" म्हणाल्या. मग परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय की सूचना नीट दिल्या जात नव्हत्या. त्या देणारी नर्स कोण?"

"मी."

"म्हणजे तुम्ही स्वतःलाच नापास केलंत."

"हो. पण तेवढ्यासाठी आधी मला विद्यापीठात येऊन नापास व्हावं लागलं. नाहीतर कळलंच नसतं."

परीक्षकांनी पान उलटलं. विभागप्रमुख बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

जाऊबाई द्वितीय श्रेणीत पास झाल्या. काका संख्याशास्त्रातच अडकले आणि पुढच्या बॅचबरोबर पुन्हा बसले. ते म्हणतात, मला आता रविवारी दुकानात बसवतच नाही. बॅच बंद झाली नाही. टिकलेले लोक जेमतेम पुरेसे निघाले, आणि दुसऱ्या वर्षी अर्ज जागांपेक्षा जास्त आले. दर्जा घसरला का, याबद्दल विद्यापीठात अजून दोन मतं आहेत. जाऊबाईंना बढती मिळाली नाही. अधीक्षक बदलून गेल्यावर नव्या सिस्टरना शिकवायचं काम मात्र त्यांच्याकडे आलं, तेही वेगळ्या मोबदल्याशिवाय. वॉर्डात परत येणारे पेशंट कमी झाले का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "थोडे. बाकीच्यांचं कारण दुसरंच काहीतरी असणार. ते बघायला हवं."

परवा त्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी द्यायला गेले होते. वॉर्डच्या दाराशी एक नवी सिस्टर, अगदी कोवळी मुलगी, एका म्हाताऱ्याला आणि त्याच्या मुलाला समजावून देत होती. सांगून झाल्यावर तिने मुलाला विचारलं, "आता घरी गेल्यावर काय करणार, सांगा." त्याने सांगितलं, ते चुकलं. तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा चुकला, या वेळी दुसऱ्याच ठिकाणी. मुलीच्या कपाळावर घाम आला होता. जाऊबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांना ते उत्तर पाठ होतं, आवाज तर तयारच होता, आणि मध्ये पडायला त्या किती उतावीळ झाल्या होत्या ते मला त्यांच्या हनुवटीवरून कळत होतं.

"डबा इथे ठेव," त्या मला म्हणाल्या, "आणि चल, चहा घेऊ."

"आणि त्या मुलीचं?"

"तिचं ती बघेल. वेळ लागतो."

आम्ही जिना उतरू लागलो. मागे ती मुलगी तिसऱ्यांदा, पहिल्यापासून, सांगायला लागली होती.